चादर कोरडी

सोमवार, ४ मार्च

हॉटेल बंद होऊन पाच महिने झाले, तरी संध्याकाळी सहा वाजले की हात वहीकडे जातोच. अठ्ठावीस वर्षं रोजची नोंद केली. कुठल्या मजल्यावर किती चादरी बदलल्या, कुठल्या खोलीत डाग पडला, कुणी टॉवेल पळवला. आता मजले नाहीत. मी, अक्का आणि दोन खोल्यांचं घर. तरी लिहिते. सवय मोडली की माणूस ढिला पडतो.

आजपासून प्राणिसंग्रहालयात लागले. पद : स्वच्छता पर्यवेक्षक. देखरेखीला हाताखाली एकच माणूस. त्याला सगळे शिट्टी म्हणतात, कारण तो बोलतो कमी आणि शिट्टी वाजवतो जास्त. पाईप त्याच्या हातात, ब्रश माझ्या. कोण कुणावर देखरेख करतंय ते देवाला ठाऊक.

वास. एवढा एकच शब्द लिहून वही मिटावी असं वाटतंय. माशांच्या खोलीत शिरले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाणी गाळायचं यंत्र बिघडलंय आणि टाकी कित्येक दिवस बदललेली नाही. पक्ष्यांकडे गेले तर दांड्या, भिंती, फरशी सगळं चुन्यासारखं पांढरं. नखानं खरवडलं तरच निघतं. शेवटी कासव. वाळवंटातलं आहे म्हणे, परातीएवढं. साइटवर मुकादम फिरावा तसं फिरतं, म्हणून नावच मुकादम. खालची फरशी पुसायची म्हणून मी त्याला दोन्ही हातांनी उचललं, तर या गृहस्थानं माझ्या पोटावर धार सोडली. चांगला तांब्याभर. शिट्टी दिवसभरात पहिल्यांदा हसला.

घरी येऊन दोनदा अंघोळ केली. हाताला अजून येतोय.

चादर : ओली.

बुधवार, ६ मार्च

अक्काबद्दल लिहायला हवं, नाहीतर चादरीची नोंद कशाची ते उद्या मलाच कळणार नाही.

अक्का माझी थोरली बहीण, सतरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. अक्कानं मला वाढवलं आणि पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. जानेवारीत तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली आणि मी तिला इकडे आणलं. पलंग खिडकीशी लावलाय, खिडकीत तिची कोरफडीची कुंडी, शेजारी लघवीच्या भांड्याची खुर्ची. वॉकर धरून ती दहा पावलं चालते, पण घाईच्या वेळी दोन पावलंसुद्धा लांब पडतात. डायपर आणले तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ते शेजारणीच्या नातवाला दे.”

ती शेजारीण दुपारी एकला येते, जेवण वाढते, उठवून बसवते. बाकी आठ ते चार अक्का एकटी.

आजही सकाळी चादर ओली होती. मी एक अक्षर बोलले नाही. हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, खिडक्या उघडल्या, चादर चिमटीत धरून बाहेर नेली. कुणीही एवढं करेलच. अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती.

शनिवार, ९ मार्च

आज अक्काची कळी खुलली. मी माशांच्या वासाबद्दल कुरकुरत होते, तर उशीला टेकून बसली आणि वर्गावर आल्यासारखी बोलायला लागली.

“चिमे, तो वास अमोनियाचा. डाळ खा नाहीतर अंडी खा, शरीरात नायट्रोजनचा कचरा उरतोच. तो बाहेर टाकावाच लागतो, नाहीतर विष. प्रश्न एवढाच, की टाकायला पाणी किती खर्चायचं. माशाच्या चहूबाजूंना पाणीच पाणी, त्याला काय कमी? तो सरळ अमोनिया सोडतो, बराचसा कल्ल्यांतूनच.”

“म्हणजे ज्यात राहायचं त्यातच.”

“तू हॉटेलात काम केलंस, तिथले पाहुणे काय वेगळं करत होते?”

मग म्हणाली, आपण त्या अमोनियाचा युरिया करतो. तो कमी विषारी, पण विरघळवायला पाणी लागतंच. पक्षी आणि सरडे त्याहून चिकट, ते युरिक अॅसिड करतात. पाण्यात विरघळत नाही, म्हणून पांढरा लगदा. म्हणजे मी नखानं खरवडते ती त्यांची काटकसर.

“आणि माणसाला किती लागतं?” मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

“दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी व्हायला हवी. त्याखाली गेलं की कचरा रक्तातच राहतो. परीक्षेत दरवर्षी विचारायचे मी.”

जेवताना असले विषय. माझा घास तोंडातच फिरत राहिला. चादर : ओली.

गुरुवार, १४ मार्च

पहाटेच चादर ओली, आणि त्यावर शाल, त्यावर माझी नवी दुलई. दुलई. मी तोंडाला फडकं बांधलं तरी ओकारी आली आणि मोरीकडे पळावं लागलं. परत आले तर अक्का कशीबशी उठून स्वतःच चादर ओढत होती. एका हातात वॉकर, एका हातात चादर. पडली असती तर दुसरा खुबाही गेला असता. मी ओरडले. ओरडायला नको होतं. पण पडली असती तर?

चहा पिताना तिनं विचारलं, “तुला माझी किळस येते का गं?”

“तुझी नाही. वासाची येते.”

ती म्हणाली, “बरोबर आहे.” मग पुष्कळ वेळ कोरफडीचं एक पान दाबून बघत बसली.

खोटं बोलायला हवं होतं का? मला खोटं बोलताच येत नाही. हॉटेलातही पाहुण्यांना सांगायचे, खोलीला वास येतोय, अत्तर मारून जाणार नाही.

कामावर मुकादमाला रोज उचलून खालची फरशी घासते. रोज माझ्या अंगावर सोडतो, पण आता थोडं थोडं. दमलाय माझ्याशी भांडून.

गुरुवार, २१ मार्च

चादर : कोरडी. सलग तिसरा दिवस.

फार आनंद झालाय. हॉटेलात तपासणीला पूर्ण गुण मिळाले होते तेव्हाही असं वाटलं नव्हतं. अक्काला म्हटलं, “शाबास.” सत्तरीतल्या बाईला शाबास म्हणताना हसूच आलं. तीही हसली. म्हणाली, “जमतंय. आकडा धरून चाललं की सगळं जमतं.” कसला आकडा, विचारलं नाही. शाळेतल्या बाई आहेत, पावलं मोजत असतील.

पाण्याचा तांब्या सकाळी तिच्या उशाशी भरून ठेवते, संध्याकाळी रिकामा असतो. म्हणजे पाणीही पिते आणि चादरही कोरडी. मनावर घेतलं की माणूस काय नाही करू शकत.

तिकडे घाण तशीच. आज पक्ष्यांच्या दांड्यांवरचा थर मोजला, दोन बोटं. शिट्टीला विचारलं, कधीपासून साफ केलं नाहीस? त्यानं शिट्टीतच उत्तर दिलं.

शनिवार, ३० मार्च

ऊन वाढलंय. नळाला दिवसाआड पाणी. साहेबांनी सांगितलं, काटकसरीनं धुवा. काटकसरीनं धुतलेली घाण म्हणजे काय ते मी आज पाहिलं.

वाळवंटातल्या उंदरांचे पिंजरे मात्र स्वच्छ. भुसा कोरडा, वास नावालाच. प्राण्यांची डॉक्टरीण म्हणाली, हे कोरडे दाणे खातात, पाणी जवळजवळ पीतच नाहीत. यांची लघवी एकेक थेंब आणि भयंकर घट्ट. मला पहिल्यांदाच कुठलातरी प्राणी आवडला. डॉक्टरीण गुणी मुलगी आहे, पण मला मावशी म्हणते. हॉटेलात मॅडम म्हणायचे.

अक्काला उंदरांचं सांगितलं. डोळे मिटूनच हसली. “मीही तीच झालेय बघ. वाळवंटातली उंदरीण.” हल्ली झोपते फार. ऊन आहे म्हणा.

तिच्या खुर्चीचं भांडं धुताना श्वास धरावा लागतो. इतकुसंच असतं, पण रंग उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा आणि वास असा की माशांची खोली परवडली. औषधांमुळे असणार.

आणि घरात चिलटं झालीत. शोध शोध शोधलं. शेवटी सापडलं, कोरफडीच्या कुंडीत. माती चिखल झालीय, पानं पिवळी पडून बुडाशी लिबलिबीत. हात लावला तर पान हातातच आलं, आतून सडकं. इतकी किळस आली की कुंडी उचलून फेकणारच होते. अक्का म्हणाली, “राहू दे तिथेच.” मी म्हटलं, शेजारीण येता-जाता पाणी घालते वाटतं, कोरफडीला कुणी रोज पाणी घालतं का?

चादर : कोरडी.

शनिवार, ६ एप्रिल

मुकादम खात नाही. कोपऱ्यात बसून असतो. मी उचललं तरी आता काही सोडत नाही. शिट्टीला म्हटलं, बघ, शिस्त लागली. तो शिट्टी वाजवायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला.

अक्कानं आज शेजारणीला दोनदा एकच गोष्ट विचारली. जेवण अर्धं टाकलं. “घशाखाली उतरत नाही, कोरडं लागतं,” म्हणाली. भातावर वरण जास्त घालत जाईन.

चादर : कोरडी. एकोणीस दिवस झाले. वहीत ओळीनं बघायला छान वाटतं.

गुरुवार, ११ एप्रिल

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. नर्सनं बाहेर काढलं. काहीतरी हातात धरल्याशिवाय बसवत नाही.

क्रमानं लिहिते.

सकाळी डॉक्टरीण मुकादमाला बघायला आली. मी सवयीनं त्याला उचलायला वाकले तर तिनं माझा हातच धरला.

“मावशी, तुम्ही याला रोज उचलता?”

“खालची फरशी कोण घासणार?”

“याच्या मूत्राशयात याचं पाणी असतं. कोरड्या दिवसांत तेच परत वापरून जगतो हा. कुणी उचललं की घाबरतो आणि सगळं सोडून देतो. तुम्ही घाण म्हणून पुसत होतात ना, ती याची पाण्याची टाकी होती.”

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पाच आठवडे मी रोज न चुकता त्याची टाकी रिकामी करत होते आणि वर शिस्त लागली म्हणत होते. तिनं मला खाली बसवलं आणि त्याचं तोंड दाखवलं. “डोळे बघा, खोल गेलेत. तोंड आतून बघा, थुंकी चिकट दोरीसारखी झालीय. मूत्र झालंच तर घट्ट, काळपट. सुस्त पडून राहतो, खात नाही. ही सगळी पाणी संपल्याची लक्षणं.” मग त्याला उथळ तसराळ्यात कोमट पाण्यात ठेवलं. बराच वेळ हलला नाही. मग मान लांब करून प्यायला लागला, थांबेचना.

मी तिथे उकिडवी बसून बघत होते. कोरडं तोंड. काळपट. सुस्त. खात नाही. हे सगळं मी माझ्याच अक्षरात लिहिलंय असं वाटायला लागलं. कुठे, ते आठवायला दोन मिनिटं लागली. मग ॲप्रन न काढताच निघाले.

घरी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. अक्का पलंगावर. मी म्हटलं, जीभ दाखव. तिनं शहाण्या मुलीसारखी दाखवली. जिभेला मधोमध भेग, तपकिरी. डोळे आत गेलेले. रोज समोर बसून जेवले, मी बघितलं काय? मला म्हणाली, “आई, घंटा झाली का?”

तांब्या अर्धा होता. पेला कुंडीत, मातीवर उभा.

शेजारणीच्या मुलानं गाडी आणली. बाकी आठवत नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

रक्तात युरिया किती वाढलाय ते डॉक्टरांनी सांगितलं. आकडा मला कळला नाही, त्यांचा चेहरा कळला. म्हणाले, मूत्रपिंडं जवळजवळ थांबलीत. सलाइन हळूहळू देतोय. दोन दिवसांत लघवी सुरू झाली तर झाली, नाहीतर यंत्र लावावं लागेल, आणि या वयात, या प्रकृतीत, ते काही सांगू शकत नाहीत.

“घरी पाणी कोण देत होतं?”

“मी. तांब्या भरून. रोज रिकामा व्हायचा.”

कुठे रिकामा व्हायचा ते नाही सांगितलं.

अक्काला नळी लावलीय. पलंगाला पिशवी लटकते. तिच्यात तळाशी चमचाभर, विटकरी. मी ती पिशवी दिवसभर बघत बसले. अठ्ठावीस वर्षं ज्या गोष्टीकडे बघून नाक मुरडलं, तिचीच वाट बघायची वेळ आली.

दुपारी ती जागी झाली. कुणाशी बोलत होती कोण जाणे. हातानं चादर चाचपडत म्हणाली, “चिमीनं परत केलं वाटतं. कुणाला सांगू नका हं. उठायच्या आत धुऊन टाकते मी.”

मी नऊ वर्षांची होईपर्यंत अंथरूण ओलं करत होते. हे मला आज आठवलं. आठवलं असं तरी कसं म्हणू, कधी कुणी बोललंच नाही त्याबद्दल. सकाळी डोळे उघडायचे तेव्हा अंगाखाली कोरडी चादर असायची, एवढंच मला माहीत.

मुकादम मला घाबरून सगळं सोडत होता आणि अक्का मला घाबरून धरून ठेवत होती. माझं तोंड दोघांनी बघितलं. फडक्याआड होतं तरी बघितलं. मीच ते कधी बघितलं नाही.

रविवार, १४ एप्रिल

सकाळी साडेसातला नर्स म्हणाली, “या, बघा.” पिशवीत दोन बोटं आलं होतं. रंगही उजळला होता. मी इतकी रडले की नर्सला वाटलं वाईट बातमी फोनवर आली. दुपारपर्यंत अर्धी पिशवी. नर्स ती रिकामी करायला आली तेव्हा मी म्हटलं, मी करते. केली. मळमळलं. तरी केली.

मंगळवार, १६ एप्रिल

अक्का शुद्धीवर, अशक्त, पण जीभ पुन्हा ताळ्यावर. म्हणजे तिखट.

मी म्हटलं, “तुला माहीत होतं. अर्धा लिटर तूच मला सांगितलंस.”

“म्हणून तर मोजून पीत होते. जेवणातलं पाणी धरून, घाम वजा करून. पाऊणशे मिली जास्तच धरलं होतं.”

“मग?”

ती छताकडे बघत होती. “आकडा पुस्तकातला. तो तरुण मूत्रपिंडाचा असतो. म्हाताऱ्याचं इतकं घट्ट करू शकत नाही, त्याला जास्त पाणी लागतं. पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण कुठल्याच मुलाचं वय सत्तरीचं नव्हतं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“कुंडीत ओतत होतीस.”

“तांब्या भरलेला दिसला असता तर तू विचारलं असतंस.”

“पण का गं असं?”

“शाबास म्हणालीस ना,” ती म्हणाली. आणि डोळे मिटले.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

मंगळवार, २३ एप्रिल

अक्का घरी आली. मुकादम जिवंत आहे. त्याच्या खालची फरशी मी आता तो चालत दुसऱ्या कोपऱ्यात गेला की घासते. दोन तास लागतात. घाण वाटतेच. कोरफड गेली. बुडापासून सडली होती, कुंडीसकट टाकली. अक्काला नवी आणायची आहे, मी म्हटलं, प्लॅस्टिकची आणते.

सकाळी तिला पेला दिला तर ओठ लावून खाली ठेवला. मी समोर बसले. फडकं नाही, मोजे नाहीत. म्हटलं, “अक्का, ऐक. मला खोटं बोलता येत नाही. वास येणार. मला किळस येणार, माझं तोंड वाकडं होणार, कदाचित ओकारीही येईल. ती यायची असेल तर येऊ दे. माझं मी बघून घेईन. तू पी.”

“आणि चादर?”

“चादरी मी अठ्ठावीस वर्षं धुतल्या. परक्या माणसांच्या.”

तिनं पेला उचलला. सगळा प्यायली, पेला उपडा करून मला दाखवला, शाळेतल्या मुलांना दाखवावा तसा.

चारला घरी आले तर ओली. बदलली. सहाला पुन्हा ओली. तोंड वाकडं झालं, तिनं ते बघितलं आणि म्हणाली, “छान दिसतेस.” दोन्ही धुऊन टाकल्यात. तिसरी काढून पलंगाच्या पायथ्याशी ठेवलीय, लागेलच.

चादर : ओली. दोनदा.